किल्ल्यावरची एक हाक

काम तसं साधंच होतं. सकाळी इथे सौदीत, कतीफच्या धक्क्यावर लाँच भरायची. गोड्या पाण्याची पिंपं, डिझेल, खुबुसाच्या, म्हणजे इकडच्या रोट्यांच्या पिशव्या, कांदे-बटाटे. मग किनारा डाव्या हाताला ठेवून सात तास उत्तरेला जायचं, एका बेटावर माल उतरवायचा आणि रिकामी पिंपं घेऊन परत यायचं. आठवड्यातून दोनदा. लढाई असो नाही तर शांतता असो, माणसाला पाणी लागतंच. हे काम तुझ्या आजाकडे, कादिरकडे होतं, रय्यान. सन एक्क्याण्णव. ज्या रात्रीची गोष्ट सांगतो ती तीस जानेवारीची, बुधवारची, पुनवेची. आज तारीख किती? तीसच ना? मग बसा नीट.

मेहेक, चहा इकडे ठेव बाळा. खिडकी उघडीच राहू दे, तिसऱ्या मजल्यावर कोण येतंय? गार लागलं तर शाल घे. आणि निमिष, तू पुण्याचा, बँकेतला, शिकलेला. तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मघाशी हसलासच. खाली गल्लीत कोणी तरी कोणाला हाक मारली आणि मी इथून 'ओ' दिली. लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. साठी बुद्धी नाठी, हुसेनमियाँ आता कुत्र्या-मांजरालाही ओ देतो. देतो. पहिल्याच हाकेला देतो. का देतो, ते सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही.

आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रीत याच्या उलटी. दिवेलागणीनंतर बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी झाली की मग. जे माणूस नाही त्याला तिसरी हाक मारता येत नाही, असं वाडवडील सांगायचे, आणि यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता, सगळेच पाळायचे. खाडीपलीकडून कोणी तरीला, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीला, हाक मारली तर तरीवाला बिडी ओढत गप बसायचा, तीन मोजायचा आणि मगच होडी सोडायचा. कादिरचा बाप तरीवालाच होता. तेव्हा ही शिकवण पोराला दुधाबरोबरच मिळालेली. कादिर वादळाला भ्यायचा नाही, कफिलाला, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाला भ्यायचा नाही, पण अंधारातल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची म्हटलं की कानाला हात लावायचा.

आता ते बेट. नाव सांगत नाही, उद्या नकाशात शोधत बसाल. बेट तरी कसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा तास पुरे. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. मधोमध किल्ला. चार बुरूज, त्यातले दोन ढासळलेले, आणि एक खारट विहीर. कतीफचे जुने कोळी सांगायचे की तो फिरंग्यांनी बांधला, मोती काढणाऱ्या होड्यांवर नजर ठेवायला. मग फिरंग्यांना कोणी तरी हाकललं. ते घाईत निघाले आणि त्यांचा एक माणूस मागे राहिला. मग तुर्क आले. तेही एका रात्री गाशा गुंडाळून गेले. त्यांचाही एक पहारेकरी बुरुजावर राहून गेला. दोन लढाया, दोन माणसं. 'किल्ला एक नफर ठेवून घेतो,' असं कोळी म्हणायचे. नफर म्हणजे इकडच्या बोलीत माणूस. आणि वारा पडलेल्या रात्री तिथून हाक येते म्हणे. एकच. कोणत्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही. खरं-खोटं अल्ला जाणे. पण कादिरने ते ऐकलं, आणि बापाच्या शिकवणीशी त्याची गाठ पक्की बसली.

आदल्या ऑगस्टात इराकच्या हाती कुवेत पडलं आणि त्या ओसाड किल्ल्याला पुन्हा नोकरी लागली. एका बुरुजावर दुर्बीण बसली, दुसऱ्यावर वायरलेसचा खांब, तटाला वाळूच्या गोण्या. सहा शिपाई पाळीपाळीने समुद्राकडे डोळे लावून बसायचे. त्यांचा जनरेटर चालवायला आणि भात शिजवायला एक माणूस नेमला होता. गुरुनाथ. आपल्या वेंगुर्ल्याचा.

काय माणूस होता! त्या उजाड जागेत त्याने घर केलं होतं. वाळूत सापडलेला तोफेचा गोळा घासूनपुसून घेतला आणि त्याने लसूण ठेचायचा. "फिरंग्यांनी ह्येचो वापर चुकीचो केल्यानी," म्हणायचा. तुर्कांच्या पहारेकऱ्याच्या नावाने रात्री बुरुजाखाली भाताची मूठ ठेवायचा. शिपाई हसायचे. गुरुनाथ म्हणायचा, हसतले ते हसोत, उपाशी माणूस शेजारी असलो तर माका जेवण जाणा नाय.

कादिरची आणि त्याची गट्टी जमायला काय वेळ लागतो? परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस पाघळतो. कादिर दर खेपेला त्याच्यासाठी एका स्टीलच्या डब्यात आमसुलं न्यायचा. डब्यावर नाव कोरलेलं, 'बिलकिस'. तुझी आजी, रय्यान. आणि भरला डबा आला तर रिकामा परत करायचा नाही, ही आपली पद्धत. गुरुनाथ शिपायांच्या वाट्यातले खजूर भरून तो परत द्यायचा.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट यावर आहे. बेटाभोवती खडपं, म्हणजे पाण्यातले खडक होते. भरतीला त्यांच्यातल्या एका फटीतून लाँच आत घेता यायची, पण फटीवर पाणी किती चढलंय ते फक्त किल्ल्याच्या धक्क्यावरून दिसायचं. म्हणून लाँच बाहेर थांबायची. पाणी पुरेसं झालं की गुरुनाथ धक्क्यावर उभा राहून हाक द्यायचा. हिवाळ्यात पोचेपर्यंत मगरिबची वेळ व्हायची, अंधारून यायचं. गुरुनाथ आपल्या खाडीवरची हाक द्यायचा, "तरीऽऽऽ!" कादिर गप. "तरीऽऽऽ!" कादिर गपच. मग तिसरी, शिवीसकट, "तरीऽऽ रे कादऱ्या, बहिऱ्या मेल्या!" की कादिर पोट धरून हसायचा आणि "ओऽऽ" द्यायचा.

"तीन-तीन हाको मारूक माझो गळो फुकट इलो हा काय?" गुरुनाथ कुरकुरायचा. "एक दिवस एकच मारतलंय. येवचा तर ये, नाय तर जा."

"एकच मारलीस तर तो तू नव्हेस," कादिर म्हणायचा.

थट्टाच होती. दोघंही हसायचे.

लाँचवर माणसं दोनच. वर सुकाणूवर कादिर आणि खाली इंजिनावर एक जण. त्याचं नाव सध्या राहू दे. आपल्याच बाजूचा, अठ्ठावीस वर्षांचा, हातात नवा इकामा, राहण्याचा परवाना, गावी नवी बायको. जिवाला फार जपणारा माणूस.

तर त्या बुधवारी सकाळी कफील हम्माद धावत धक्क्यावर आला. आदल्या रात्री सरहद्दीवरच्या खफजीत लढाई शिरली होती. म्हणाला, "कादिर, खलास. किल्ला बंद. असकर लोग दोपहर में अपना बोट में जायेगा. एक नफर बाकी रहेगा, तुम्हारा हिंदी. वो मकिना खोलके बैठेगा. मकिना लेके आओ, उसको लेके आओ. लाइट नहीं, हॉर्न नहीं. यल्ला!" असकर म्हणजे शिपाई, मकिना म्हणजे तो जनरेटर.

एक नफर बाकी. हम्माद सहज बोलून गेला, पण कादिरला कोळ्यांचं बोलणं आठवलं. त्याने तो डबा मात्र घेतला नाही. कारण डबा आधीच्या खेपेपासून गुरुनाथकडेच होता.

पाच वाजता पोचायचं होतं. पण त्या दिवसांत लढाईत उत्तरेला समुद्रावर कच्चं तेल सोडलेलं होतं आणि ते खाली दक्षिणेला सरकत होतं. दुपारनंतर लाँचला तेलाचे पट्टे लागायला लागले. आधी तवंग, मग जाड, काळं, शिरा घोटावा तसं. इंजिनाला गार ठेवायला समुद्राचंच पाणी ओढावं लागतं. त्यात तेल आलं की जाळी तुंबायची आणि इंजिन तापायचं. थांबायचं, जाळी साफ करायची, पुन्हा निघायचं. असं चार वेळा झालं. इंजिनवाल्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले, डोकं भणभणायला लागलं, घसा बसला. तो दर वेळी म्हणे, परत फिरू. कादिर दर वेळी म्हणे, गुरुनाथ वाट बघतोय.

बेट दिसलं तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. भरती केव्हाच ओसरली होती. पुनवेची ओहोटी, नेहमी न दिसणारी खडपंसुद्धा उघडी पडलेली. फटीतून आत जायचा प्रश्नच नव्हता. कादिरने बाहेरच नांगर टाकला. तापलेलं इंजिन बंद करावं लागलं.

आणि इंजिन बंद झाल्यावर कळलं की समुद्राला आवाजच नाही.

तुम्ही किनाऱ्यावर वाढलेले नाही, तुम्हाला कसं सांगू? समुद्र कधी गप नसतो. झोपेतही काठाशी चुळबुळ करतो. त्या रात्री नाही. तेलाने लाटांचं तोंड दाबलं होतं. पाणी उठायचं आणि आवाज न करता बसायचं. वर चंद्र एवढा मोठा. समोर किल्ला काळा. बुरुजावर दिवा नाही. खूप लांब उत्तरेला आभाळ मधूनच उजळायचं आणि विझायचं.

कादिर नाळेवर, लाँचच्या पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. धक्का दिसत होता. धक्क्यावर गाठोड्यासारखं काही तरी दिसत होतं. माणूस दिसत नव्हता.

आपण हाक मारावी का? त्याच्या मनात आलं. पण लाइट नाही, हॉर्न नाही, आवाज नाही, असा हुकूम. उत्तरेला कोण कुठे आहे कोणाला ठाऊक. शिवाय हाक मारणं गुरुनाथचं काम. तो मारेल. तीन मारेल. तिसरीला शिवी देईल.

दहा मिनिटं गेली. पंधरा.

मग हाक आली.

"कादिरऽऽ..."

एकच.

'तरी' नाही. कादऱ्या नाही. मेल्या नाही. कादिर. पुरं नाव. गुरुनाथने ते कधी घेतलं नव्हतं.

आणि धक्क्यावरून नाही... मागून. लाँचच्या मागून. समुद्राकडून. खालच्या आवाजात, घोगरी, ओली...

कादिरने मनात मोजलं. एक.

दुसरीची वाट बघितली.

दुसरी आली नाही.

तो मागे वळला. इंजिनाच्या खोलीच्या तोंडाशी तो दुसरा माणूस उभा होता, फडकं हातात घेऊन.

"ऐकलंस?" कादिरने विचारलं.

"काय?"

"हाक. माझं नाव घेतलं कोणी तरी."

त्या माणसाने फडक्याने हात पुसले.

"...नाही," तो म्हणाला.

"नीट आठव. आत्ता. मागून."

"नाही ऐकली. पाणी वाजलं असेल."

पाणी वाजत नव्हतं.

कादिर उभाच. तुझ्या आजाच्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला माहीत आहे, रय्यान, कारण पुढे शंभर वेळा त्याने ते बोलून दाखवलं. एकच हाक. पुऱ्या नावाने. समुद्राच्या बाजूने. आणि शेजारच्या माणसाला ऐकू नाही. दोघांपैकी एकालाच ऐकू आली, तर ती माणसाची कशी असेल? किल्ल्याची ती. किल्ल्याला नफर हवा आहे. ओ दिली की गेलो.

तरीही... तरीही एकदा त्याने तोंड उघडलं. "गुरु..." एवढंच बाहेर पडलं. इंजिनवाल्याने त्याचा दंड धरला. "ओ देऊ नकोस," तो कानाशी म्हणाला. "तूच सांगतोस ना? देऊ नकोस. पाणी अजून उतरतंय. लाँच खडपावर बसली तर आपण दोघंही इथेच. गुरुनाथ शिपायांबरोबर गेला असेल. चल."

कादिरने तोंड मिटलं.

आणखी थोडा वेळ थांबले. काहीच नाही. मग नांगर उचलला. इंजिन सुरू झालं. सुकाणूवर कादिरला वाटलं, लाँच एका अंगाला जड झाली आहे. मागून डावीकडे कोणी ओढतंय तशी... थोडा वेळ तशीच चालली.

मग हलकी झाली.

सरळ चालायला लागली.

पहाटे कतीफला पोचले. हम्माद उभाच होता. "नफर किधर?" कादिर म्हणाला, "कोई नहीं था. असकर के साथ गया होगा." खोटं बोलतोय असं त्याला वाटत नव्हतं. पण नजर वर उचलवत नव्हती. त्याच्या त्या एका वाक्यावर सगळे निर्धास्त झाले आणि सहा दिवस कोणी गुरुनाथला शोधलं नाही.

सातव्या दिवशी एक बोट बेटावर गेली. जनरेटर खोलून, नीट बांधून धक्क्याजवळ आणून ठेवलेला. शेजारी गाठोडं. अंथरूण गुंडाळलेलं, तोफेचा गोळाही कापडात बांधलेला, गावी दाखवायला न्यायचा असेल. गाठोड्यावर बिलकिसचा डबा, आत खजूर. आणि धक्क्याच्या खालच्या पायरीवर, पाण्याकडे तोंड करून, चपला. जोडीने ठेवलेल्या. म्हणजे माणूस स्वतः उतरला होता. लाँच आत येऊ शकत नाही हे चांदण्यात बघून खडपांवरून चालत आला असेल. खडपं संपल्यावर पोहत. त्या तेलातून. निमिष, तू विचारशील, तीन हाका का नाही मारल्या? त्या वासाने दिवसभरात इंजिनवाल्याचा घसा बसला होता, आणि तो लाँचवर होता. जो तेलात गळ्यापर्यंत आहे त्याला एक हाक मारता आली हेच खूप.

देह मिळाला नाही.

कादिरचं मग काही खरं राहिलं नाही. सुट्टी मिळाल्यावर तो वेंगुर्ल्याला गेला. गुरुनाथच्या बायकोसमोर, पद्मिनीवहिनींसमोर, ओटीवर बसला आणि सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं, शिव्या देतील, तोंडावर दार लावतील. त्याला तेच हवं होतं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"दुसऱ्या माणसान ऐकली काय हाक?"

"नाही," कादिर म्हणाला.

"मग ती ह्येंची नव्हती, भावोजी. हे आदीच गेले होते. तुमचो दोष नाय." आणि पदर डोळ्याला लावून त्या चहा करायला उठल्या.

त्या बाईला धीर मिळाला. कादिरला मिळाला नाही. त्याला वाटे, मी जिवंत माणसाला पाण्यात सोडून आलो की नाही, हे मला कोणी तरी ठामपणे सांगा. हो तर हो. अपराधी तर अपराधी. पण हे असं मधल्या मध्ये लोंबकळत किती जगायचं? आणि सांगू शकणारा जगात एकच माणूस होता.

दर वर्षी तीस जानेवारीला, रात्री नऊनंतर, कादिर जिथे असेल तिथे त्याला ती हाक यायची. एकच. आणि तो ताडकन उठून "ओऽऽ" द्यायचा. पहिल्याच हाकेला. शेजारीपाजारी चिडायचे. मग तो खोलीतल्या जोडीदाराकडे वळायचा. दोघं एकाच खोलीत राहायचे, कतीफला, वर्षानुवर्षं, तो आणि इंजिनवाला. वळून विचारायचा, "खरं सांग. ऐकलीस?"

"नाही," तो म्हणायचा.

"आणि तेव्हा? लाँचवर?"

"नाही रे, कादिर. झोप."

तेहतीस वर्षं. दर वर्षी हाच सवाल, हाच जवाब. मागच्या पावसाळ्यात, म्हणजे इकडच्या भर उन्हाळ्यात, कादिर इस्पितळात होता. रय्यान, तू औषधं आणायला खाली गेला होतास. त्याचा आवाज बसला होता. त्याने त्या माणसाला वाकायची खूण केली. कानाशी म्हणाला, "आता तरी सांग. मी जातोय. ऐकली होतीस?"

त्या माणसाने त्याचा हात धरला...

आणि म्हणाला, नाही.

...

पाणी दे मेहेक. नको, चहा नको. पाणी.

त्याने ऐकली होती, पोरांनो.

पहिल्या रात्री ऐकली होती. कादिरपेक्षा स्पष्ट. कारण ती हाक नाळेच्या बाजूने आलीच नव्हती; इंजिनाच्या खोलीच्या मागून आली होती, चार हातांवरून. भूत-बित काही नाही. घसा बसलेला माणूस. दम लागलेला माणूस. त्याने आवाज ओळखलाही होता. मग 'नाही' का म्हणाला? 'हो' म्हटलं असतं तर कादिर थांबला असता. दोर टाकला असता. उतरला असता पाण्यात. ओहोटी होती, उत्तरेला आग होती, इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. आणि त्याला जायचं होतं. गावी नवी बायको होती. त्याला फक्त जायचं होतं...

मला जायचं होतं.

हो. मीच. बघू नका असे. रय्यान, बाळा, बस. आधी सगळं ऐक, मग जे करायचं ते कर.

पहाटे कतीफ जवळ आलं तेव्हा कादिर वर फजरची नमाज पढत होता. मी मागे गेलो. उजाडत होतं. लाँचच्या मागच्या काठावर, डावीकडे, चार बोटं उमटलेली होती. काळी. बाहेरून धरलेली. आतल्या अंगाला बोटांची टोकं. आणि बोटांपासून खाली चार ओघळ, घसरलेले.

त्याने काठ धरला होता. हाक मारून झाल्यावर तो लाँचपर्यंत आला होता. लाँच सुरू झाली तेव्हा तो धरून होता.

माझ्या हातात फडकं होतं. डिझेलमध्ये बुडवलं आणि पुसून टाकलं. दोनदा पुसलं. कादिर सलाम फेरून वळला तेव्हा काठ स्वच्छ होता.

तुझ्या आजाने काही केलं नव्हतं, रय्यान. त्याने रीत पाळली आणि मी त्या रीतीचा फास करून त्याच्या गळ्यात टाकला. मला विचारून तो बरोबर वागला होता. दर वर्षी खोलीत हाक यायची तेव्हाही मला ऐकू यायची. दर वर्षी. तो ओ द्यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचो. मनाला सांगायचो, आता खरं सांगितलं तर तो मरेल. खोटं. तो तर 'नाही' ऐकून ऐकून मेला. मला माझी लाज झाकायची होती, दुसरं काही नाही.

तो गेल्यावरची ही पहिली तीस जानेवारी. म्हणून तुला बोलावलं. पद्मिनीवहिनी अजून आहेत. त्यांनाही जाऊन सांगायचं आहे. तिकीट काढलंय. पण आधी तुला, कारण...

...

थांबा.

...

गप. मेहेक, तो पंखा बंद कर.

...

ऐकलंत?

नाही म्हणू नका. घाईने नाही म्हणू नका कोणी. निमिष? खाली गल्लीतून नाही, बाबा. गल्ली या खिडकीकडे नाहीच, ती त्या बाजूला आहे. इकडे मागची भिंत आणि पुढे नुसता समुद्र... मेहेक, तुझा चेहरा सांगतोय. रय्यान, तू ऐकलीस. तुझ्या आजाचं नाव नव्हतं ते. या वेळी नव्हतं.

माझं होतं.

ओऽऽ...

ओऽऽ गुरुनाथ! ऐकली! तेव्हाही ऐकली होती!

...

...

दिवा लाव, रय्यान. मोठा दिवा.

खिडकीची चौकट बघ. खालची. बाहेरून आत.

मोज. चार.

वास येतोय ना? ओलं आहे अजून.

नको. ते फडकं ठेव खाली, बाळा. ठेव म्हणतो ना.

पुसू नकोस.